माणशी दीड पेला

मित्रांनो, ओळख करून देण्याआधी एक कबुली देतो. मला एका वजनकाट्याचा हेवा वाटतो. तो माझ्याच फळीवर बसतो, माझ्यापेक्षा पन्नास वर्षांनी लहान आहे आणि बोट लावले की उजळतो. मी उजळायचो ते फक्त चिंच लावून घासल्यावर, तेही दिवाळीला.

मी एक जुना पितळी पेला आहे. पाणी पिण्याचा नव्हे, तांदूळ मोजण्याचा. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून घडवले, आतून कल्हई केली, आणि एका लग्नात आंदण म्हणून मी लाखांदूरजवळच्या या गावी आलो. माझ्यात काठोकाठ एकशे ऐंशी ग्रॅम तांदूळ मावतो. हा आकडा मला अलीकडे कळला, आणि तोही त्या काट्यानेच सांगितला.

माझी पहिली मालकीण म्हणजे शकुनबाईंची सासू. तेव्हा घरात बारा माणसे होती. सगळी बांधीत, म्हणजे भातखाचरात, राबणारी, चिखलात उभी राहून धान रोवणारी. दिवसाला तीस पेले तांदूळ शिजायचा, म्हणजे माणशी अडीच. मी सकाळ-संध्याकाळ डब्यात बुडत असे आणि भरून वर येत असे. सासूचा एक नियम होता. घरच्यांचा तांदूळ मोजून झाला की ती प्रत्येक वेळी एक पेला जास्त टाकायची. त्याला ती ‘येणाऱ्याचा पेला’ म्हणायची. कोणी ना कोणी येतच असे, आणि आलेला उपाशी जात नसे. मला त्या पेल्याचा फार अभिमान वाटे.

पुढे सासू गेली, दीर वेगळे झाले, नणंदा नांदायला गेल्या. आता घरात चौघे आहेत. शकुनबाई, त्यांचे पती मारोतराव, राईस मिलमध्ये कामाला जाणारा मुलगा वीरेंद्र आणि लाखांदूरच्या कॉलेजात विज्ञान शिकणारी मुलगी रक्षा. दर जेवणाला तीन पेले तांदूळ शिजायचा. दोन घरच्यांसाठी आणि एक येणाऱ्यासाठी. येणारे आता फोन करून येतात, चहा घेऊन लगेच निघतात. पण शकुनबाईंचा हात तिसऱ्या पेल्याशिवाय थांबत नसे. मीही त्यांना कधी थांबवले नाही. भरून वर येण्यातच माझा सगळा मान होता.

मागच्या वर्षी रोवणीच्या दिवसांत शकुनबाईंच्या पायाच्या अंगठ्याला काडी लागली. जखम लहानशी होती, पण दोन महिने झाले तरी ती भरेना. रक्त तपासले तर साखर फार वाढलेली निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि बजावले, “दिवसाला एक पेला तांदळाच्या वर भात नको. साखर उतरली नाही तर ही जखम भरणार नाही. मग नागपूरला जावं लागेल, आणि तिथं अंगठा काढायची पाळी येऊ शकते.”

शकुनबाई ताटात मूठभर भात घेऊ लागल्या. तरी साखर उतरली नाही.

त्याच सुमारास रक्षाला कॉलेजात एक प्रकल्प मिळाला. भात, पोळी, साखर, बटाटा यांतून आपल्याला जी शक्ती मिळते, ती देणाऱ्या घटकाला कर्बोदके म्हणतात. देशात दर माणसामागे किती कर्बोदके पुरवली जातात आणि वर्षानुवर्षे तो आकडा कसा बदलतो, हे मुलींना शिकवले होते. आता प्रत्येकीने आपल्या घराचा तसाच आलेख काढायचा होता. रक्षाने मला फळीवरून काढले, पुसले आणि टेबलावर वहीशेजारी ठेवले. मित्रांनो, टेबलावर ठेवला गेलेला या घराण्यातला मी पहिलाच पेला!

“आजीच्या वेळी किती पेले लागत होते, बाबा?” असे विचारून तिने माझ्यावरून चाळीस वर्षांचा भात मोजला. अडीच, मग दोन, आता दीड. भाताची रेघ खाली उतरत गेली. मी फुशारलो होतो. पण रक्षा पेन्सिल चावत म्हणाली, “अन् बिस्किटं? साखर? वीरूदादाचे समोसे?”

ते मला कसे मोजता येणार? समोसा माझ्यात मावत नाही. तिसऱ्या दिवशी वजनकाटा घरात आला.

तो चपटा, पांढरा आणि अंगाने काचेसारखा गुळगुळीत. त्याच्यावर काहीही ठेवा, तो ग्रॅममध्ये बोलायचा. रक्षा त्याला मऊ फडक्याने पुसायची. मला धुऊन पालथे घालायची. माझ्या पोटाला एक पोचा आहे. काट्याने मला तोलले तेव्हा पहिल्यांदा मला त्या पोच्याची लाज वाटली. वीरेंद्र म्हणाला, “आता या काट्यालेच पाट टाका जेवाले.” सगळे हसले. मी हसलो नाही.

तरी माझा आकडा अजून चालत होता. पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारले, “आई भात किती खातात?” रक्षाने वहीत पाहून आत्मविश्वासाने सांगितले, “घरात दिवसाला सहा पेले शिजतात, माणसं चार. म्हणजे दीड पेला. आईचं ताट तर सगळ्यांत लहान असतं, तिचा एकच धरा.” डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि गोळीची मात्रा वाढवली. पंधरा दिवसांनी जखमेच्या कडा काळ्या दिसू लागल्या.

तेव्हा रक्षाने ठरवले की आता प्रत्येक ताट तोलायचे. एका संध्याकाळी तिने आधी शिजलेला सगळा भात तोलला. चौदाशे पन्नास ग्रॅम. मग ताटांतला भात. बाबांचा तीनशे ऐंशी, वीरेंद्रचा दोनशे सत्तर, तिचा स्वतःचा एकशे साठ आणि आईचाही एकशे साठ. बेरीज नऊशे सत्तर. उरलेला चारशे ऐंशी ग्रॅम भात गंजात, म्हणजे शिजवायच्या पातेल्यात, होता. सकाळी तिने पाहिले तर गंज घासून पालथा घातलेला.

“आई, रातचा भात कुठी गेला?”

“कोणता भात?”

“गंजातला. अर्धा किलो होता.”

“तुह्या काट्याले विचार,” शकुनबाई म्हणाल्या आणि गॅसकडे वळल्या.

मला आनंद झाला. काटा फसला, असे वाटले. त्याची बेरीज जुळत नव्हती आणि माझी नेहमी जुळायची. हे मी आज शरमेने सांगतो आहे.

“कुत्र्याले टाकला का?” रक्षाने पुन्हा विचारले.

“अन्न टाकतेत का वो, पोरी? सकाळी मीठ-मिरची लावून खाल्ला. रोजच खातो मी. दुपारचा उरते तो चार वाजता खातो.”

“रोज? अन् तू मले सांगितलं काहून नाई?”

“त्यात सांगाचं का आहे? ते का जेवण होय? शिळं कोणी मोजते का?”

मारोतराव दारात जोडा घालत होते, ते थांबले. “अवो, डॉक्टरनं एक पेला सांगितला होता ना तुले?”

“ताटात एकापेक्षा कमीच घेतो ना मी! येणाऱ्याच्या नावानं टाकलेला भात का फेकून देऊ? सासूबाईनं कधी एक शीत वाया जाऊ दिलं नाई.”

रक्षा खाली बसली आणि तिने हिशेब मांडला. ताटातला आणि गंजातला भात मिळून आईच्या पोटात दिवसाला अडीच पेल्यांहून जास्त तांदूळ जात होता. घरात सर्वांत जास्त भात तीच खात होती, आणि तोही उभ्याने, गंजातून, कोणी पाहत नसताना. रक्षाने वहीतला ‘दीड’ खोडला नाही. त्यापुढे लिहिले, “हा पुरवठा आहे, खाणे नव्हे.” मग ती आईकडे वळून म्हणाली, “आई, मी डॉक्टरले चुकीचं सांगितलं वो. तुह्या अंगठ्याचं काही झालं असतं तं?”

 शकुनबाईंनी ओला हात पदराला पुसून तिच्या डोक्यावर ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला डब्यात बुडवले. एक पेला. दुसरा पेला. सवयीने मी तिसऱ्यांदा तांदळात शिरलो आणि त्यांचा हात थांबला. किती वेळ थांबला, सांगता येत नाही. माझ्यात अर्धा तांदूळ आला होता. मला भरायचे होते, मित्रांनो. पण वीरेंद्र आतून म्हणाला, “कोणी आलं तं गॅस आहे ना, आई. दहा मिनटं लागतेत.” शकुनबाईंनी मला तिरपे केले. तांदूळ सरसरत डब्यात परत गेला आणि मी रिकामा वर आलो.

आता चार ताटे एकदम वाढली जातात. शकुनबाई पंगतीत बसतात, आणि त्यांचा भात काट्यावर तोलला जातो, माझ्यात नाही. रक्षाने सगळी हकिगत डॉक्टरीणबाईंना सांगितली; त्यांनी गोळ्याही बदलून दिल्या. सहा आठवड्यांनी साखर उतरली. जखमेच्या कडा गुलाबी झाल्या आहेत, आणि नागपूरला जाण्याची गरज नाही असे परवाच कळले. त्या दिवशी शकुनबाईंनी काट्याला हळदीकुंकू लावले. मला नाही. हेवा म्हणजे काय, ते मला त्या दिवशी पुरते समजले.

पण तुम्हाला एक सांगणे आहे. माणशी किती, हे काढायला माझ्यासारखा पेला पुरतो. सहाला चाराने भागले की झाले. कुणी किती खाल्ले, हे मात्र भागाकारात कळत नाही. त्यासाठी सगळ्यांच्या मागून जेवणाऱ्या माणसाशेजारी बसावे लागते. तुमच्या घरी ते माणूस कोण आहे, ते पाहा, आणि त्याचे ताट आज तुमच्याबरोबर वाढायला सांगा.