थोरलीची गोळी, धाकटीचा गुडघा

तानाबाईनं पडायचं काही कारणच नव्हतं, असं राजाबाईचं ठाम मत होतं. औषध काही वाईट नव्हतं. तेच औषध राजाबाई स्वतः घेत होती. बरगडीवर नागीण उठली, फोड सुकले, पण आग काही जाईना. लुगड्याचा काठ घासला तरी विस्तव ठेवल्यासारखं व्हायचं. सोलापूरच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि हळूहळू आग निवली. मग तीच गोळी तानाबाईच्या, धाकट्या जावेच्या गुडघ्याला का चालू नये? जंताचं औषध एका मेंढीला पाजून कुणी थांबतं का? पाजायचं तर सगळ्या कळपाला. एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांचं काय निराळं असतं?

शिवाय घाई होती. तानाबाईची लेक दगडाबाई नातेपुत्याला दिलेली. ती मागं येऊन बजावून गेली होती, "गुडघा सुधरला न्हाय तर आईला मी न्हेणार. मेंढरामागं किती पळंल ती?" कुंभारी गावातल्या त्या घरात दोघी जावा उभा जन्म एकत्र नांदल्या होत्या. तानाबाई गेली तर आपलं काय, हे राजाबाई कुणाला बोलली नाही. तिनं गोळी पुढं केली आणि म्हणाली, "गीळ."

तानाबाईनं गिळली. पहिल्यांदा झिंगल्यासारखी चालली, मग एका सांजेला मेंढरं कोंडता कोंडता वाघरीच्या जाळीसकट आडवी झाली. हाड मोडलं नाही ही बिरोबाची कृपा.

राजाबाईची नात प्रियदर्शनी सोलापुरात औषधांचं शिकत होती. निरोप मिळताच ती आली आणि गोळ्यांची पट्टी बघून तिनं कपाळाला हात लावला.

"आज्जे, गुडघ्याला ही गोळी कुणी सांगितली?"

"मी. मला गुण आला की!"

"तुझी शीर दुखावलेली. हिचा गुडघा झिजलाय. दुखणं येगळं हाय."

"दुखणं ते दुखणं! शिकून शिकून पोरगी येडी झाली."

"ऐक तरी. शिरेला बारकी बारकी दारं असत्यात. त्यातनं कॅल्शियम आत शिरलं की दुखण्याचा सांगावा फुडं जातो."

"मग गोळी दार लावती. एवढंच की!"

"न्हाय. गोळी दाराला हात बी लावत न्हाय. दारासंगं एक मदतनीस असतोय. दार शिरेच्या टोकाला न्हेऊन बसवायचं, ही त्याची चाकरी. शीर दुखावली की हे मदतनीस लई वाढत्यात, मग दारं बी वाढत्यात. गोळी त्या मदतनिसाला धरून ठेवती. त्यो अडला की नवी दारं पोचत न्हाईत. म्हणून तर गुण सावकाश येतो."

राजाबाईचं डोकं तापलं. "धन्याला सोडून गड्याला धरायचं? ही कुटली रीत?"

बाजेवर पडलेली तानाबाई खुदकन हसली. "लई जुनी रीत हाय, बाई. ह्या घरात तुमाला कोण धरतंय? मेंढरं इकायची असू द्या न्हायतर पोरीला शिकाय धाडायचं, समदी माझाच पदर धरत्यात."

प्रियदर्शनीनं ओढणी तोंडाला लावली. सोलापूरला जायचं तिनंही आधी धाकट्या आजीच्याच कानात सांगितलं होतं.

"गप पड!" राजाबाई जावेवर खेकसली, मग नातीकडं वळली. "आन् हिच्या गुडघ्यात न्हाईत व्हय मदतनीस?"

"तितं वाढलेले न्हाईत, मग गोळी धरणार कुणाला? मेंदूत मातूर हायत. म्हणून गुण न्हाय, नुसती गुंगी."

एवढ्यात दाराशी जीप थांबली. दगडाबाई आत आली ती आईचं खरचटलेलं तोंड बघूनच कडाडली, "कशी पडलीस?"

"जाळीत पाय अडकला," तानाबाई म्हणाली.

राजाबाईला ते सोसवेना. आपल्याला पाठीशी घालायची ह्या बाईची जन्माची खोड! "कसला पाय न् कसली जाळी! माझी गोळी मी हिला चारली."

"थोरल्याई, तुमी डागदर कवापास्नं झाला? आता तर आईला ठिवतच न्हाय."

दगडाबाईनं आईची लुगडी गुंडाळली. तानाबाई खाली मान घालून बसली होती. ती 'जाते'ही म्हणेना, 'ऱ्हाते'ही म्हणेना.

"गाठोडं असं बांधत्यात व्हय?" राजाबाईनं ते ओढून घेतलं, सोडलं, नीट बांधलं, उचललं आणि तरातरा बाहेर जाऊन जीपमध्ये चढून बसली.

"तुमी कुटं?" दगडाबाई बघतच राहिली.

"हिच्या गुडघ्याला तुमी काय चारताय ते कोण बघणार? एकडाव माझी चूक झाली. आता दुसऱ्यानं केलेली मला बघू दे."

"आन् मेंढरं?"

"पोरं हायत की! मिशा फुटल्या, नुसत्या कुरवाळायला व्हय?"

प्रियदर्शनीनं आजीच्या नागिणीच्या गोळ्या तिच्या हातात कोंबल्या. "तुझ्या तू घे. दुसऱ्या कुणाला देऊ नगंस."

दगडाबाईनं तानाबाईला धरून आणून राजाबाईच्या शेजारी बसवलं. "बाई, जरा सरका की. गुडघा लागतोय."

"लागू दे," राजाबाई म्हणाली, आणि सरकली.