मास्तरांच्या नावाचा फळा

मित्रांनो, मी वरळीच्या बीडीडी चाळीतला एक जुना फळा आहे. गिरणीतल्या एका सुताराने खोक्यांच्या लाकडातून मला बनवले आणि बुधाजी मास्तरांच्या स्वाधीन केले. मास्तर दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी चाळीच्या पटांगणात फुकट वर्ग घेत. पोरे पास झाली, की आयाबाया त्यांना दुवा देत. तेव्हा मी फार सुखात होतो.

पुढे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मास्तर सभांत बोलू लागले. लोकांना ते इतके आवडले, की सत्तावन्न साली महापालिकेच्या निवडणुकीला त्यांनाच उभे केले. नेमकी तेव्हाच वर्गातल्या कांताची सातवीची परीक्षा आली. त्या काळी सातवीवर शिक्षिका होता येई; पास झाली तर ती शिक्षिका होणार होती, नाही तर आई जाईबाईंबरोबर गिरणीत जाणार होती.

"मास्तर, व्याजाची गणितं राहिलीत," कांता म्हणाली.

"मतं पडू देत गं, मग बघू."

वर्ग बंद झाला. बातम्या लिहायला म्हणून मला नाक्यावर नेले. तिथे शिवा रंगाऱ्याने उत्साहाच्या भरात तैलरंगाने माझ्यावर मास्तरांचे नाव रंगवले, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. मास्तर ते पाहून खुशीत हसले. मला मात्र लाज वाटली. माझ्यावर आता खडू उमटत नव्हता.

मास्तर निवडून आले. नाक्यावर मिरवणूक थांबवून जाईबाईंनी त्यांना ओवाळले.

"तुमी निवडून आलात, चांगलं झालं," त्या म्हणाल्या. "आमची कांता नापास झाली. सोमवारपासून माझ्याबरोबर गिरणीत येतेय."

"पुढल्या वर्षी परत बसवू तिला."

"पुढल्या वर्षी तुमी असाल का शिकवायला?"

मास्तरांची मान खाली गेली. गळ्यात एवढे हार असलेला माणूस इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या नावासकट मीही तिथेच उभा होतो. कुठे तोंड लपवावे, ते मला कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला पटांगणात आणले आणि सुरीने स्वतःचे नाव खरवडायला घेतले. सारी चाळ गॅलरीतून बघत होती.

"द्या साहेब, मी करतो," शिवा म्हणाला.

"साहेब म्हणू नकोस," मास्तर म्हणाले. सुरी काही त्यांनी दिली नाही.

मित्रांनो, मुलांच्या फळ्यावर कोणाचेही नाव रंगवू नका. माणूस कितीही चांगला असला, तरी नको.

सोमवारी वर्ग पुन्हा सुरू झाला आणि कांता गिरणीतून थेट तिथे आली. तिच्या केसांत कापूस होता. खडू उचलून ती थबकली.

"मास्तर, तुमचं नाव अजून दिसतंय."

"दिसू दे," मास्तर म्हणाले. "त्याच्यावरच लिही."