गुलाबी चक्का

लीलाबाईंना त्या जेवणाची पहिल्यापासूनच शिसारी आली होती.

शिजवलेले छोले लसूण-तिळाबरोबर वाटून सुनेनं वाडग्यात काढले, वर तेलाची धार सोडली, तेव्हा बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "किमया, लेकराला दात यायला लागले की दुपट्यात आसंच व्हतं गं."

"आई! हमस आहे ते."

शेजारी वांग्याचं भरीत. ना फोडणी, ना मिरची, रंग राखेचा. ओव्हनमध्ये मैद्याचे पिटा मात्र टम्म फुगले. तेवढंच काय ते बाईंना पटलं.

पण तोंड उघडायची सोय नव्हती. किमयाचे हिंजवडीचे साहेब, निरंजन सर, आज गावी, मुठ्याला, जेवायला येणार होते. त्यांनी घरून काम करायला हो म्हटलं तर लेक-सून इथंच राहणार. नाही म्हटलं तर दोघं हिंजवडीच्या फ्लॅटात, आणि बाईंच्या वाट्याला म्हैस अन् नवरा, कुशाबा. त्यातल्या त्यात म्हैस तरी ऐकते.

सर आले, बसले. तिसरं वाडगं गुलाबी होतं.

"हे काय, बीट?"

"लबने, सर. दही टांगून केलेला चक्का," किमया म्हणाली. रंगाचं कोडं तिलाही पडलं होतं.

सरांनी पिटाचा तुकडा बुडवला आणि डोळे मिटले. "वा! मातीचा एक टोन आहे बघ. हळद घातलीस?"

तेवढ्यात अंगणातून कुशाबा गरजले, "आगं ए! माजा लंगोट कुटं गेला? दोरीवर न्हाई!"

लीलाबाईंची नजर गुलाबी वाडग्यावर गेली. सत्तरीतही कुशाबा रोज तालमीत जोर मारायचे. तिथल्या मातीत हळद, ताक, लिंबू, तेल सगळं कालवलेलं. लंगोटाला साबण लावायचा नाही, नुसतं ऊन दाखवायचं, हा त्यांचा नेम. काल म्हशीची धार काढता काढता बाईच सुनेला म्हणाल्या होत्या, "दोरीवर मऊ फडकं हाय, ते घे." त्यांच्या मनातलं फडकं पांढरं होतं, लंगोटाच्या शेजारी वाळत घातलेलं. पण लातूरच्या फ्लॅटात वाढलेल्या पोरीनं लंगोट कुठं पाहिलाय? लाल, मऊ, वर बांधायला नाड्या. तिला वाटलं, दही टांगायलाच शिवलाय.

बाई स्वयंपाकघरात गेल्या. नळाला लंगोट लोंबत होता, थेंब थेंब गळत. बाईंना उमासा आला, तो त्यांनी गिळला. बाहेर आल्या तर सर वाडगं बोटानं पुसून चाटत होते.

"आई, काय झालं?" किमया कुजबुजली.

"काय न्हाई. तू खाऊ नगंस."

तेवढ्यात कुशाबा आत आले. स्वयंपाकघराच्या दारातून त्यांना नळ दिसला. "आरं तिच्या..."

पुढचा शब्द निघायच्या आत लीलाबाईंनी गुलाबी माखलेला पिटा त्यांच्या तोंडात कोंबला.

कुशाबांनी चावला. थांबले. परत चावला.

"चव वळखीची वाटतीया," ते म्हणाले.

"बघा! काकांनाही आवडलं," सर खूश. "किमया, घरून काम मंजूर. एकच अट. दर महिन्याला मी टीम घेऊन इथं येणार, आणि हेच पाहिजे. अगदी हीच चव."

"या की, सायेब," लीलाबाई म्हणाल्या, आणि दुसरा उमासाही गिळला.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर त्या नवऱ्याकडे वळल्या.

"अवं, नवा लंगोट घ्या. ह्यो ऱ्हाऊ द्या सैपाकघरात. आन महिन्याच्या महिन्याला दोन दिस तालमीत ह्योच नेसून जात जावा."

"लीले, तुला किळस कशी येत न्हाई गं?"

"येती की. पर पोरं हितं ऱ्हायला नगंत व्हय?"