क्लचमधली हवा

मोटारसायकलच्या क्लचला तेल पुरवणाऱ्या नळीला भेग पडली होती, म्हणून तिने नवी नळी आणली आणि सकाळीच अंगणात बसून स्वतःच्या हाताने बसवली. इथवर सगळं झकास. पण नळी बदलताना आत हवा शिरली. आता क्लचची दांडी दाबली की ती लुळी पडून थेट मुठीला टेकायची, आणि क्लच काही सुटायचा नाही.

ती जमिनीची मोजणी करायची. दुपारी दोनला टेकडीपलीकडच्या एका जागेची मोजणी होती, आणि वरच्या पायवाटेवर मोटारसायकलशिवाय काही चढत नव्हतं.

नवरा शाळामास्तर, सुट्टी होती म्हणून मदतीला लागला. त्याने दांडी दाबून धरायची, तिने इंजिनाजवळचा छोटा स्क्रू सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाहेर आले की पुन्हा आवळायचा. दोन तास झाले. क्लचमध्ये घालायच्या ब्रेक ऑइलची बाटली अर्धी संपली, दांडी होती तशीच.

"गॅरेजला देऊ या," नवरा म्हणाला.

"तो चार दिवस ठेवून घेईल. आणि करणार काय? मी करतेय तेच."

"फरक एवढाच, की त्याचं जमेल."

खिडकीतून नणंद हे सगळं बघत होती. बावीस वर्षं नर्सची नोकरी करत असलेली बाई. आज तिची साप्ताहिक सुट्टी. ती चहाचा कप घेऊनच बाहेर आली.

"हवा कुठे जाते गं? वर की खाली?"

"वर, ताई."

"मग तुम्ही दोघं तिला खाली का ढकलताय?"

तिने पान्हा खाली ठेवला. मग हसली. "ताई, तुमच्याकडे मोठी सिरिंज आहे?"

नणंदेने पाकीटबंद सिरिंज आणि मऊ नळी आणली. तेल भरलं, सिरिंज उभी धरून दोन टिचक्या मारल्या आणि वर जमलेली हवा काढून टाकली. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"थांबा हं, मुठीजवळच्या वरच्या डबीतलं तेल आधी थोडं काढते," भावजय म्हणाली. " सांडलं तर टाकीचा रंग जाईल."

मग तिने सिरिंजची नळी खालच्या स्क्रूला जोडून तो सैल केला आणि नणंदेने तेल सावकाश आत सोडलं. वरच्या डबीत बारीक बुडबुडे उठू लागले.

"आले, आले!" मास्तर ओरडला.

स्क्रू आवळून तिने दांडी दाबली. निम्मी सैल, निम्मी घट्ट.

नणंदेचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"छे! तुमचं काम चोख झालं. आता माझं."

ती उकिडवी बसली आणि एक डोळा मिटून नळीचा चढउतार बघू लागली. गाडी स्टँडवर डावीकडे कलली होती, क्लचची मूठही डावीकडेच. त्यामुळे नळीचं वळण तेलाच्या डबीपेक्षा उंच झालं होतं.

"हवा इथे बसलीय बघा. चढ मधेच संपतो, मग ती जाईल कुठे?" ती नवऱ्याकडे वळली. "गाडी सरळ कर. अजून थोडी उजवीकडे. आता हलायचं नाही."

"शिंक आली तर?"

"गिळायची."

तिने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने नळीवर टकटक केलं, दांडी हलकेच दाबली, सोडली. पुन्हा दाबली. डबीत एक टपोरा बुडबुडा फुटला, मागोमाग दोन छोटे. पुढच्या खेपेला दांडी बोटांना चांगलीच घट्ट लागली.

डबीतलं तेल खुणेपर्यंत भरून तिने झाकण लावलं, गाडी सुरू केली आणि दांडी दाबून पहिला गिअर टाकला. गाडी जागच्या जागी गुरगुरत उभी राहिली. तिने दांडी सावकाश सोडली तशी ती शहाण्यासारखी पुढे सरकली.

"मलाही ने," नणंद म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी घरात बसून काय करू?"

दोनच्या ठोक्याला दोघी टेकडीपलीकडे पोचल्या. तिथे दोन शेजारी हद्दीवरून भांडतच होते. नणंदेने मोजणीची काठी हातात घेतली आणि वॉर्डातल्या आवाजात बजावलं, "गलका बंद! एकेकाने बोला."

साडेचारला मोजणी आटोपली, आणि दोन्ही शेजाऱ्यांनी कागदावर सह्या केल्या.