मऊ वाट

वनखात्याच्या फाटकावर पाटी लागली की डोंगरावरची वाट गाड्यांना बंद होणार, आणि माझं डोकंच फिरलं. ज्यांची हरकत असेल त्यांनी कार्यालयात येऊन सांगावं, असंही खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. म्हटलं, बारीक अक्षरांत का होईना, बोलावलंय ना? मग ऐका आता.

"आई, भांडायला जाऊ नकोस," लेक म्हणाली. ती दातांची डॉक्टर. दिवसभर लोकांचे दात काढते आणि घरी आली की माझ्यावर दात खाते.

"भांडायला नाही, हरकत घ्यायला जातेय."

"तुझ्या बाबतीत फरक काय दोन्हीत?" असं पुटपुटत तीही बरोबर आली.

माझी हरकत साधी होती. माझे गुडघे मला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेतात तेच उपकार. डोंगर चढणं आता ह्या जन्मात नाही. वरच्या धारेवर जायचं तर जीपनेच. आणि आमचे हे गेल्यापासून मला कुठे जावंसं वाटत असेल तर तिथेच. घरात आम्ही काय बोलायचो? गॅस संपला, नळ गळतोय. नवराबायकोचं म्हणून जे काही चांगलं बोलणं झालं ते सगळं त्या धारेवर बसून झालं. वाट बंद म्हणजे माझ्यासाठी तो डोंगरच बंद.

ह्यांचं गॅरेज होतं. सुट्टीच्या सकाळी तिथे जुन्या जीपा जमायच्या आणि आमची टोळी निघायची. एकाची जीप ढकलल्याशिवाय कधी सुरू झाली नाही, त्याचं नावच धक्का पडलं. दुसरा प्रत्येक वळणावर "जमेल ना रे?" विचारायचा, तो शंकासुर. फाटकाशी आलो की सगळे उतरून चाकांतली थोडी हवा सोडायचे, म्हणजे चाक दगडाला धरून चालतं. ती हवा फुसफुसायला लागली की मला इतकं बरं वाटायचं म्हणून सांगू! आठवडाभराचा शीण तिथेच उतरायचा.

पुढे दगडांचा टप्पा आला की माझं काम. एकाने खाली उतरून जीपसमोर उभं राहायचं, तोंड गाडीकडे, आणि उलटं चालत हातांनी खुणा करायच्या. चालवणाऱ्याने दगडांकडे बघायचंच नाही, फक्त हातांकडे. "दगड बघितले की माणूस घाबरतो," हे म्हणायचे, "मी आपला तुझे हात बघतो." टोळीतल्या सगळ्या गाड्या मीच वर काढायचे. ह्यांनी घरात माझं एक ऐकलं असेल तर शपथ, पण तिथे मी बोट हलवलं की चाक हलायचं.

तर कार्यालय. मोठा नकाशा, करकरणारा पंखा, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेले दगडगोटे. वनअधिकारी बाई माझ्या लेकीपेक्षाही लहान. तिने आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. अशा माणसाशी भांडणं फार अवघड असतं.

"मावशी, गाड्यांवर माझा राग नाही," ती म्हणाली. "नियम एवढाच आहे की मूळ वाट सोडून चाक बाहेर जाता कामा नये. दगडांचा टप्पा ही मूळ वाट. पण तिथून कुणी जातच नाही. सगळे बाजूच्या गवतातून वळसा घालतात. तो वळसा आता रस्त्याएवढा रुंद झालाय."

"मग वळसा बंद करा. अख्खी वाट कशाला?"

"दगडांवरून गाडी जात असेल तर तसंच करीन. पण जाते का? मला तर वाटत नाही. तुमच्यापैकी कुणी नेऊन दाखवा. एक चाकही गवतात न उतरवता. दाखवलंत तर वाट चालू ठेवते."

"दाखवते की," मी म्हटलं. लेकीने कपाळाला हात लावला.

म्हणायला म्हटलं खरं, पण नेणार कोण? धक्का आता स्वतःच काठी टेकत चालतो. शंकासुराला फोन केला तर म्हणाला, "जमेल का गं?" मी फोनच ठेवला. राहिले मी. चालवता येत होतं, गॅरेजवाल्याच्या बायकोला न येऊन कसं चालेल? पण दगडांवर मी कधी चालवली नव्हती. तिथे मी कायम समोर उभी.

ठरल्या दिवशी सकाळी जीपवरची ताडपत्री काढली. मागे वनअधिकारी बाई, शेजारी लेक. फाटकाशी हवा सोडली आणि निघालो. टप्प्याशी पोचल्यावर मी गाडी थांबवली. डावीकडे ते गवत. गवत कसलं म्हणा, चिखलाच्या सुकलेल्या चाकोऱ्याच चाकोऱ्या.

"हे बघा," ती बाई मला हात धरून कडेला घेऊन गेली. खाली पूर्वी एक छोटं तळं होतं, त्याच्या पाण्याने मी कितीदा तोंड धुतलं होतं. आता तिथे नुसता तडकलेला गाळ. "गवतातलं पाणी झिरपत झिरपत तळ्यात यायचं. चाकोऱ्या पडल्या, पाणी त्यांतून धावायला लागलं आणि मातीही घेऊन आलं. पहिला वळसा कुणी घातला कोण जाणे."

मला माहीत होतं ना कुणी घातला ते.

मी तेव्हा पोटुशी होते, पोट चांगलं दिसायला लागलेलं. सासूबाई नको म्हणत होत्या, मी हट्टाने निघाले. त्या दिवशी आमची एकटीच जीप होती, आणि मला उतरू न देता हे स्वतःच्या अंदाजाने दगडांवर चढले. दुसऱ्याच दगडाला असा हादरा बसला की मी पोट धरून किंचाळले. ह्यांचा चेहरा पांढराफटक. गाडी हळूच मागे घेतली, बूट काढले आणि अनवाणी त्या गवतातून चालत गेले. पाऊल पाऊल दाबून बघत, कुठे खड्डा, कुठे दगड. मग त्याच पावलांवरून मला असं नेलं की मांडीवरचा चहाचा थर्मास हलला नाही. वर पोचल्यावर म्हणाले, "ही तुझी मऊ वाट." पुढच्या सुट्टीला धक्का त्यावरून गेला, मग शंकासुर, मग सगळेच. सोपं कुणाला नको असतं?

जीपमध्ये परत येऊन बसल्यावर हे सगळं मी त्या दोघींना सांगितलं. लेक बघतच राहिली.

"म्हणजे ही वाट माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी नाहीतर काय. आणि तू आतून लाथा झाडत होतीस."

ती हसली नाही. खाली उतरून गाडीसमोर जाऊन उभी राहिली. लहानपणी गॅरेजच्या अंगणात मला गाड्यांना खुणा करताना बघून रिकाम्या डब्यांमधून माझ्यासारखे हात करत खेळायची, तेवढंच तिचं शिक्षण. मी पहिला गिअर टाकला.

पहिले दगड बरे गेले. मग तिने डावा हात उचलला. समोरून तिचा डावा म्हणजे माझी उजवी बाजू, पोरालाही कळेल. पण माझं सगळं आयुष्य हात दाखवण्यात गेलेलं. मला तो हात माझाच वाटला आणि मी चाक डावीकडे वळवलं. जीप कलली. पुढचं चाक दगडावरून घसरलं आणि गवताच्या अगदी काठाशी येऊन अडकलं. मी ब्रेक दाबून धरला. मागून त्या बाईचा श्वास अडकलेला ऐकू आला. संपलं, मी म्हटलं, घालवला डोंगर.

लेक खिडकीशी आली. ओरडेल असं वाटलं होतं. तिने माझा स्टिअरिंगवरचा हात धरला.

"आई, तू अजून बाहेरच उभी आहेस. बाबांच्या समोर." मग हळूच म्हणाली, "आता ते नाहीयेत गं आत. आत तू आहेस."

इतक्या दिवसांत हे मला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. सगळे काळजी घ्या म्हणत, जेवलात का विचारत. मी डोळे पुसले, नाक पुसलं. "जा पुढे," म्हटलं, "आणि हात नीट वर कर. बाबांना दिसेल असा नको, मला दिसेल असा कर."

तिने केला. मी दगड बघितले नाहीत, गवत बघितलं नाही. फक्त लेकीचे हात बघितले. डॉक्टरचे हात, जराही थरथरत नव्हते. चाक दगडावर परत चढलं, गाडी दणकली, हाडं खिळखिळी झाली आणि आम्ही पलीकडे पोचलो. वनअधिकारी बाईने मागून टाळ्या वाजवल्या आणि मग आपण अधिकारी आहोत हे आठवून ती थांबली.

"वाट चालू राहील मावशी," ती म्हणाली. "पण वळसा आजच बंद करायचा. पुन्हा कुणी जाऊ नये म्हणून."

"करा," मी म्हटलं.

दोघींनी दगड आणले आणि मऊ वाटेच्या तोंडाशी ओळीने मांडायला लागल्या. मी जीपच्या पायरीवर बसून बघत होते. जिथे हे बूट काढून वाकले होते ती जागा मला अजून नेमकी दिसत होती. शेवटचा दगड हातात घेऊन लेक थांबली. तिच्याने तो ठेववेना. माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, ठेवू ना?"

"ठेव गं," मी म्हटलं. "आता तुला हादरे सोसतात."