माझे बाबा प्यायलेले नव्हते

उकंडरावांच्या सोयाबीनमध्ये फवारणी करता करता माझे बाबा आडवे झाले, तेव्हा मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, जीवशास्त्राचं पुस्तक उघडून बसले होते. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तोंडी परीक्षा होती आणि मायनं डबा माझ्याच हाती पाठवला होता.

"दारू पेला असन दयाराम," उकंडराव म्हणाले. शेत त्यांचं, पंप त्यांचा, मग निदानही त्यांचंच! "लिंबू पिळा त्याच्या तोंडात. उतरते."

माझ्या बाबांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. पण मजूर पडला की तो प्यायलेलाच असतो, हे आमच्याकडे आधीच ठरलेलं असतं. माझं डोकं सणकलं.

बाबांच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, दंड आपोआप थडथडत होते. पापणी उचलली तर बाहुली मोहरीएवढी. सकाळपासून नोझल चोंदलं की ते तोंड लावून फुंकत होते. सगळेच फुंकतात. पंपाला एक पिन बांधून द्यावी, हे कोणाला सुचत नाही.

आणि हे सगळं माझ्या पुस्तकात होतं. चेतापेशी स्नायूला निरोप देते तो एका रसायनाच्या हातून. निरोप पोचला की एक विकर ते रसायन मोडून टाकतं, म्हणून आकसलेला स्नायू सैल पडतो. किडीचं औषध त्या विकराचेच हात बांधतं. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, थडथड, शेवटी श्वासही बंद. मॅडमनी शिकवलं तेव्हा मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती, मार्कांसाठी.

लिंबू घेऊन आलेला हात मी झटकला. "काही पाजू नका, श्वासात जाईन! भाऊ, गाडी काढा. हे फवाऱ्याचं जहर हाय."

"पुस्तकातलं नको सांगू मले, धम्मशीले. पोलीस केस होते, समजते का तुले?"

"पुस्तकातलंच सांगून राह्यली. गाडी काढता, का गावभर बोंबलू?"

मजूर गोळा झाले होते. त्यांच्या देखत नाही म्हणणं उकंडरावांना जमलं नाही. मी बाबांचा भिजलेला सदरा काढला, अंगावर पाणी ओतलं, त्यांना कुशीवर घेतलं आणि औषधाची बाटली उचलली. "ते राहू दे!" उकंडराव ओरडले. मी ती दुपट्ट्यात गुंडाळून गाडीत बसले.

चिखलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? "उन्हानं चक्कर आली," उकंडराव म्हणाले. वाटेत दारूचं ऊन झालं होतं! मी बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडे, एकदा बाबांच्या डोळ्यांत पाहिलं आणि नर्सला ॲट्रोपिन, त्या जहरावरचं उताऱ्याचं इंजेक्शन, आणायला पिटाळलं.

संध्याकाळपर्यंत श्वास ठिकाणावर आला. मला रडू फुटलं, तेव्हाच हवालदार जबाब घ्यायला आले.

"कोणाच्या शेतात?"

उकंडराव दारातच उभे होते. बाबांनी डोळे उघडले होते. बोलवत नव्हतं, पण खाटेवरचा हात हलवून ते मला नको नको म्हणत होते. बरं वाटलं की त्याच धुऱ्यावर काम मागायला जायचं होतं ना त्यांना.

मी तो हात माझ्या हातात घेतला. हलू नये इतका घट्ट धरला. आणि उकंडरावांकडे बघत त्यांचं पूर्ण नाव सांगितलं.