विधवेची चिठ्ठी

शैलजाचा राग त्या वर्षी सकाळी दहाला तिच्याबरोबर छापखान्यात यायचा आणि पाचला तिच्याबरोबरच घरी जायचा. आई म्हणायची, पोरीच्या जातीला इतका राग बरा नाही. आईला काय माहीत! लक्ष्मीकांतांच्या हाताखाली सहा महिने उमेदवारी करून डोकं शांत ठेवील असा माणूस मेहकरात अजून जन्माला यायचा होता.

लक्ष्मीकांत म्हणजे तिथल्या एका छोट्या प्रकाशनाचे मालक, लेखक आणि संपादक, सगळं एकच. इतकी वर्षं शाळेची मार्गदर्शकं आणि पंचांगं छापून ते सुखात होते. राज्य नवं झालं आणि तीनेक वर्षांनी त्यांच्या डोक्यात आलं की नव्या राज्यातल्या मुलांना नवा खेळ पाहिजे. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसतं गोल करून बसायचं. प्रत्येकाने डब्यातून एक चिठ्ठी काढायची. पाटील निघाला तर तुम्ही पाटील, सुतार निघाला तर सुतार. एक जण सांगणारा. तो म्हणणार, नदीला पूर आलाय, तुमची गुरं पलीकडे आहेत, काय करता? तुम्ही त्या माणसाच्या जागी बसून उत्तर द्यायचं, कवड्या टाकायच्या, आणि कवड्या पडतील तसं काम साधलं की फसलं ते ठरायचं. खेळाचं नाव ‘गाव वसवा’. कल्पना झकास होती, हे शैलजासुद्धा कबूल करायची. म्हणून तर तिला राग यायचा. टाकाऊ कल्पनेवर कोण आपलं रक्त आटवतं?

ती टपाल कचेरीतल्या कारकुनाची मुलगी, मॅट्रिक झालेली. मुद्रितं तपासायची आणि नियम कुठे अडतात ते पाहायचं, हे तिचं काम. लक्ष्मीकांतांनी नियम लिहिले होते टेबलाशी बसून, एक डावही न खेळता. उंटावरून शेळ्या हाकायची त्यांना सवयच होती. शैलजाने मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवलं की खेळल्याशिवाय नियमावर खूण करायची नाही. दुपारच्या सुट्टीत ती शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या तुळशीरामला आणि कागदांच्या घड्या घालणाऱ्या झुंबरबाईला घेऊन बसायची. भाकरी खाता खाता गाव वसायचं.

झुंबरबाई विधवा. नवरा गेला तेव्हा हिवऱ्याकडे तिचं दोन एकर शेत होतं. आता सतरा वर्षं झाली, भावाच्या घरी राहायची आणि छापखान्यात कागद दुमडायची. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे तिची चिठ्ठी शैलजा वाचून दाखवायची. एके दिवशी तिच्या हाताला विधवेचीच चिठ्ठी लागली. शैलजाने नियम वाचला. ‘विधवेने एका बाजूला बसावे. सांगणाऱ्याने विचारल्याशिवाय बोलू नये. दुसऱ्या गड्याने बोलावल्यासच कवड्या टाकाव्या.’

झुंबरबाईने चिठ्ठी परत डब्यात टाकली. “हे तं घरी हायेच मले,” ती म्हणाली. “खेळात काऊन पायजे?”

मग झुंबरबाई आपणहून बोलू लागली. नवरा मेल्यावर सहा वर्षं तिने ते दोन एकर स्वतः पेरलं होतं. ज्वारी घेऊन ती लोणारच्या बाजारात एकटी जायची. दीर शेत मागायला लागला तेव्हा ती चावडीवर साक्ष द्यायला उभी राहिली. “मी तोंड उघडलं की कोनी ना कोनी मधात बोले. माहं बोलनं काई पुरं झालं नाही. शेवटाले त्याइनं लिवून घेतलं, बाईनं काई सांगतलं नाही.”

“आणि शेत?”

“गेलं.”

त्या दुपारी शैलजाने नवा नियम लिहिला. विधवेला शेत पेरता येतं, बाजाराला जाता येतं, सगळ्यांसारख्याच कवड्या मिळतात. आणि ती चावडीवर साक्ष द्यायला उभी राहिली की पुरं बोलून होईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसायचं. मधे बोलेल त्याचा डाव गेला. झुंबरबाईने तो तिच्याकडून दोनदा वाचून घेतला. तिला खेळाच्या पुस्तकाचं काही वाटत नव्हतं, पण हा नियम मात्र छापून आला पाहिजे, असं ती तुळशीरामला तीनदा म्हणाली.

लक्ष्मीकांतांनी त्यावर तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली. “खेळ खऱ्यासारखा पाहिजे, शैलजा.”

“काका, हे खरंच घडलेलं आहे.”

“अपवाद आहे तो. अपवादाचा नियम होत नसतो.”

शैलजाने तो नियम दुसऱ्या शब्दांत लिहिला, रेघ आली. थोडक्यात लिहिला, रेघ आली. चौथ्या खेपेला कारणं देऊन पानभर लिहिला, तेव्हा त्यांनी पान न वाचताच खणात टाकलं आणि म्हणाले की उमेदवाराने शिकायचं असतं, शिकवायचं नसतं. ती बाहेर येऊन खिळ्यांचे खण ठेवायच्या लाकडी घोड्यापाशी उभी राहिली.

“मालकाले एक डाव खेळू द्या ना,” तुळशीराम म्हणाला. “ज्याचं जळते त्याले कळते.”

म्हणून शनिवारी दुपारी कचेरीत सतरंजी अंथरली गेली. पुस्तक छापायला जाण्याआधी मालकांनी एकदा खेळून पाहावं, असं शैलजाने गोड बोलून पटवलं होतं. गोड बोलायला तिला किती कष्ट पडले ते तिचं तिला ठाऊक. लक्ष्मीकांत आले, त्यांच्या पत्नी शरयूबाई आल्या, शाळेतले मार्तंडमास्तर आले, तुळशीराम होताच. सांगणारी शैलजा. झुंबरबाई कोपऱ्यात घड्या घालत होती, तिला खेळायला कोणी बोलावलं नव्हतं.

चिठ्ठ्या काढल्या. शरयूबाई पाटील झाल्या आणि खूश झाल्या. मास्तर वाणी, तुळशीराम कोतवाल. लक्ष्मीकांतांनी आपली चिठ्ठी उघडली, पाहिली, आणि घडी करून डब्याकडे हात नेला.

“दुसरी घेतो.”

“नियम तिसरा,” शैलजा म्हणाली. “आलेली चिठ्ठी बदलता येत नाही. तुमचाच आहे, काका.”

विधवेची होती ती. शैलजाने काही केलं नव्हतं, चोवीस चिठ्ठ्यांतून त्यांच्याच हाताने निघाली होती. लक्ष्मीकांत हसत हसत सतरंजीच्या कडेला सरकले. डाव सुरू झाला.

गावात पूर आला. पाटलांनी होड्या काढल्या, वाण्याने धान्याचा भाव चढवला, कोतवालाने वाण्याला धरलं. शरयूबाई तर अशा रंगल्या की पदर खांद्यावरून घसरला तरी भान नव्हतं. लक्ष्मीकांतांना दोनदा काहीतरी सुचलं. “अरे, त्या वाण्याच्या कोठाराला मागचं दार...” ते म्हणाले. शैलजा म्हणाली, “विचारल्याशिवाय बोलू नये.” त्यांनी चष्मा पुसला. सतरंजीचा दोरा उपटला. मग बायकोकडे पाहून बारीक आवाजात म्हणाले, “अहो पाटील, मला बोलवा की.”

“थांबा हो जरा,” पाटीलबाई म्हणाल्या. “माझा कोतवाल अडचणीत आहे.”

अर्ध्या तासाने ते उठले. “हा काय खेळ आहे? माणूस नुसता बसून राहतो!” त्यांचा आवाज चढला होता. ते येरझारा घालत राहिले, मग टेबलाचा खण उघडून तिचं ते पानभर लिहिलेलं कारण बाहेर काढलं, उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाले, “हे घे. हेच टाक.”

खरं तर शैलजाला आनंद व्हायला हवा होता. नियम आला होता, झुंबरबाईला हवा होता तसाच. पण सायंकाळी घरी जाताना तिच्या डोक्यात एकच फिरत होतं. एका बाईची सहा वर्षांची पेरणी आणि गेलेलं शेत त्यांना पटलं नाही, चार वेळा लिहून पटलं नाही, आणि अर्ध्या तासाच्या कंटाळ्याने पटलं. पटायचंच होतं तर झुंबरबाईच्या सांगण्यानेच पटलं असतं की! आईने विचारलं, आज काय झालं. ती म्हणाली, आज जिंकले, आणि ताट सरकवून उठली.

बुधवारी शेवटचं मुद्रित आलं. नियम जसाच्या तसा होता. सुरुवातीला मालकांनी नव्याने लिहिलेली प्रस्तावना होती. शैलजा एकेक ओळ बोटाने वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. ‘विधवेसंबंधीचा नियम प्रस्तुत लेखकास प्रत्यक्ष अनुभवातून, दीर्घ चिंतनानंतर सुचला.’

तिने ती ओळ पुन्हा वाचली. मग मोठ्याने वाचली, कारण झुंबरबाई समोर बसून चिठ्ठ्या कापत होती आणि आपला नियम आला का म्हणून सकाळपासून विचारत होती.

झुंबरबाईची कात्री थांबली. “त्यायले सुचला?”

“असं लिहिलंय.”

“किती बसले वं ते, बाई?”

“अर्धा तास.”

झुंबरबाईने कापलेल्या चिठ्ठ्यांची चळत नीट केली. “हुशार मानूस हाये,” ती म्हणाली. “अर्ध्या घंट्यात सुचलं. मी सतरा वर्सं झाले, बसूनच हावो.”

शैलजाने दौतीत टाक बुडवला. मालक बँकेच्या कामाला बुलढाण्याला गेले होते, संध्याकाळच्या गाडीशिवाय येणार नव्हते. तिने ती ओळ आरपार खोडली. समासात, खिळे जुळवणाऱ्याला नीट लागेल अशा मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हा नियम हिवऱ्याच्या झुंबरबाईंनी दिला. त्यांचे बोलणे चावडीवर पुरे होऊ दिले नव्हते.’ खाली सही केली, शैलजा, उमेदवार, आणि पान तुळशीरामपुढे ठेवलं.

तुळशीरामने ते ओठ हलवत वाचलं. “मालकाले दाखवलं?”

“नाही.”

“उद्या तुमाले घरी बसवतीन, ताई.”

“बसवू देत,” शैलजा म्हणाली. “तुम्ही जुळवा.”

त्याने एकदा झुंबरबाईकडे पाहिलं, मग जुनी ओळ चिमट्याने उपसून खिळे खणात टाकले आणि नवी ओळ जुळवायला घेतली. झुंबरबाई कात्री ठेवून उठली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तिने फक्त विचारलं, यातलं माहं नाव कोनतं, आणि त्याने दाखवलेल्या उलट्या अक्षरांवर बोट ठेवून ती ओळ पुरी होईपर्यंत उभी राहिली. तोवर छापखान्यात मधे कोणी बोललं नाही.